जुनी २०७ ऑटोक्रॉससाठी तयार करायचीय. पाटे काढू की पंप वाढवू?

कोरडवाहू

राम राम मंडळी.

घरी २००४ ची टाटा २०७ डीआय आहे. अण्णांनी घेतली तेव्हा मी तिसरीत होतो. तिनं मानवतच्या मोंढ्यात कापूस वाहिला, सेलूच्या बाजारात तूर वाहिली, दोन आत्यांची वऱ्हाडं वाहिली. आता कापसाचे तीन महिने सोडले तर लिंबाखाली उभी असते आणि कोंबड्या हौद्यात अंडी घालतात.

आम्ही सात-आठ जण मिळून मेव्हण्याच्या पडीक माळावर ऑटोक्रॉसचा ट्रॅक आखायलोय. तीन एकर, सगळा मुरूम. एकावेळी एकच गाडी, मोबाईलवर वेळ लावायची. जमलं तर दिवाळीनंतर एखाद्या खऱ्या स्पर्धेतही जायचा विचार आहे. बजेट पंचवीस हजार, ओढून-ताणून तीस.

पोरं म्हणायलेत आधी डिझेल पंप वाढव म्हणजे इंजिनला जास्त डिझेल जाईल, मग रुंद टायर टाक, मग मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) कमी कर. मलाही पंपापासून सुरुवात करावी वाटतंय. जाणकारांनी सांगावं. अण्णांना अजून काही सांगितलेलं नाही.

मोंढा_एक्सप्रेस

२०७ घेऊन ऑटोक्रॉस म्हणजे शंकरपटात रेडा जुंपल्यासारखं झालं.

कोरडवाहू

रेडा अंगावर आला की लाल कंधारी बैलजोडीबी वाट सोडते, मालक.

पाटेवाला_जालना

सव्वीस वर्षं पाट्यांचं काम करतोय म्हणून बोलतो. राग मानू नका.

पंपाला हात लावू नका. पंप वाढवला की आधी धूर वाढतो, मग उष्णता, मग हेड गॅस्केट. तीन लिटरचं इंजिन आहे, २९५६ सीसी. माळावर दुसऱ्या गिअरमध्ये त्याला कमी पडणार नाही. कमी पडतंय ते गाडीच्या सांध्यांत. वीस वर्षांची गाडी म्हणजे सगळीकडं ढिलेपणा. स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं अर्ध्या सेकंदानं वळत असतील तर वर कितीही ताकद घाला, गाडी जाईल तिकडं तुम्ही जाणार.

जॅकवर पुढचं चाक उचला. घड्याळातल्या बारा आणि सहावर हात ठेवून हलवा. खडखड आली तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. मग तीन आणि नऊवर धरून हलवा. तिथं खेळ असेल तर टाय रॉडचे एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याची टोकं, गेलेत. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडं हळू फिरवा, चाक हलायच्या आधी किती फिरतं ते बघा. दोन बोटांपेक्षा जास्त असेल तर बॉक्सचा स्क्रू मिस्त्रीकडूनच ॲडजस्ट करून घ्या, स्वतः आवळू नका, मधोमध अडकतं. पाट्यांचे आणि शॅकलचे बुश बदला. हे सगळं मिळून आठ-दहा हजारांत बसेल आणि गाडी निम्मी नवी झाल्यासारखी वाटेल.

पाट्यांचं नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

आठवडी_बाजार

मागं चार पोती वाळू टाका आणि विषय संपवा. रिकामी पिकअप मागून उड्या मारते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

गोदाकाठची

वाळूची पोती नको, दादा. दोनशे किलो वाढवले की पकड थोडी वाढते हे खरं, पण तेच दोनशे किलो प्रत्येक वळणावर तुम्हाला बाहेर ओढतात आणि ब्रेकला जास्त काम देतात. आणि पोतं सरकलं तर? खऱ्या स्पर्धेत हौद्यात सुटं काहीही ठेवू देत नाहीत. जॅक, पाना, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा काढून ठेवायला लावतात.

आठवडी_बाजार

मग सासऱ्यांना बसवा मागं. ते सरकत नाहीत.

पाटेवाला_जालना

आलो परत. पाटे.

ही गाडी टनभर माल वाहायला बनवलीय. मागचे पाटे त्या टनासाठी कडक आहेत. रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत, म्हणून खड्ड्यात चाक उडतं. उडालेलं चाक ना ओढतं ना थांबवतं. पोरं करतात काय, तर दिसेल तो पाटा काढतात. खालचे जे जाड हेल्पर पाटे फक्त लोड पडल्यावर टेकतात, ते काढून गाडी मऊ होत नाही. रिकाम्या गाडीत ते कामच करत नसतात, फक्त वजन कमी होतं. मऊपणा हवा असेल तर मुख्य गड्डीतला एक किंवा जास्तीत जास्त दोन काढायचे, दोन्ही बाजूंचे सारखे, मधले. वरचा डोळ्याचा पाटा आणि त्याला लपेटलेला दुसरा, या दोघांना हात लावायचा नाही. एक्सल जागेवर धरायचं काम त्यांचं आहे.

गड्डी पातळ झाली की यू-बोल्टचे आटे संपतात. नट आवळल्यासारखा वाटतो, पण गड्डी ढिली असते. तेवढ्याच जाडीची लोखंडी प्लेट मध्ये टाका. पन्नास किलोमीटर चालवून यू-बोल्ट परत आवळा. सेंटर बोल्ट जुना वापरू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काढलेले पाटे सुतळीनं बांधून डावे-उजवे लिहून माळ्यावर ठेवा. आमच्याकडं दर दिवाळीला कुणीतरी येतो, 'भाऊ, पाटे परत टाकायचेत, पण ते कुठं गेले माहीत नाही' म्हणत.

मोंढा_एक्सप्रेस

कुठं जातात? लोहाराच्या पालावर. पाट्याच्या लोखंडाचा कोयता बीडात कुणीही डोळे झाकून घेतं.

सिडको_एन_सात

पाटेवाले काकांनी एक गोष्ट सांगितली नाही आणि तीच घातक आहे. मागच्या एक्सलवरून चेसीकडं जाणारी एक काडी किंवा स्प्रिंग दिसते का बघा. तिच्या टोकाला ब्रेकचा व्हॉल्व्ह असेल. हा लोड ओळखणारा व्हॉल्व्ह. गाडी रिकामी असली की मागचा भाग वर असतो, तेव्हा तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. माल भरला की मागचा भाग खाली बसतो, मग दाब वाढवतो.

आता तुम्ही पाटे काढलेत. गाडी मागून दीड-दोन इंच खाली बसली. व्हॉल्व्हला वाटलं, भरला माल. प्रत्यक्षात हौदा रिकामा. पहिल्याच जोरदार ब्रेकला मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होतील आणि शेपटी फिरेल. पाटे काढल्यावर ती काडी नव्या उंचीप्रमाणे ॲडजस्ट करणं सक्तीचं समजा.

पाटेवाला_जालना

बरोबर आहे साहेब. राहिलं माझ्याकडून. आमच्याकडं बऱ्याच गाड्यांची ती काडी आधीच तुटलेली असते आणि तारेनं बांधलेली असते, म्हणून लक्षात आलं नाही.

मिशिगनचा_नांदेडकर

उशिरा आलो, इकडं रात्र होती. एक मूलभूत प्रश्न: तुम्ही कुठला ऑटोक्रॉस म्हणताय? इथं अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हणजे मोठ्या पार्किंगच्या डांबरावर रबरी शंकू मांडतात आणि एकेक गाडी त्यातून काढतात. एससीसीए या संस्थेच्या नियमात शंकू पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात, दोन शंकूंमधलं फाटक चुकलं तर ती फेरीच बाद. जुन्या पिकअप खाली बसवून, रुंद टायर टाकून इथले लोक हौसेनं पळवतात.

पण डांबरावर उंच गाडीचा एक धोका आहे. गणित सोपं आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. टायरची पकड या आकड्याच्या वर गेली की गाडी घसरण्याऐवजी कलंडते. अंतर १.४ मीटर आणि उंची ०.६५ मीटर धरली तर उत्तर १.०८ येतं. साध्या कारचं साधारण १.३ ते १.५ येतं. चांगल्या टायरची कोरड्या डांबरावरची पकड एकच्या आसपास असते. म्हणजे पिकअपच्या बाबतीत घसरणं आणि कलंडणं यांत फार अंतर राहत नाही. म्हणूनच इथं उंच आणि अरुंद गाड्यांना बऱ्याचदा उतरूच देत नाहीत.

गोदाकाठची

आपल्याकडचा ऑटोक्रॉस बहुतेक मातीवरचा. त्यामुळं कोरडवाहू यांचा मुरूम योग्यच आहे. मुरमावर पकड डांबराच्या निम्मी-पाऊण असते, गाडी आधी घसरते, म्हणून कलंडायचा धोका कमी. कमी म्हणजे नाही असं नाही. घसरत घसरत चाक नालीत किंवा बांधाला अडकलं की मग कुठलंही गणित वाचवत नाही. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूचे दगड वेचा, बांधापासून पंधरा-वीस मीटर लांब राहा, नांगराच्या जुन्या तासांचे चर ट्रॅक्टरनं मोडून घ्या.

मी तीन वर्षं जिप्सी चालवतेय, १२९८ सीसीची. पहिल्या वर्षी सगळे पैसे गाडीत घातले आणि शेवटून दुसरी आले. दुसऱ्या वर्षी गाडीला हात लावला नाही, फक्त ट्रॅक पायी फिरायला लागले. प्रत्येक वळणाआधी कुठल्या दगडापाशी ब्रेक सोडायचा हे पायांनी पाठ केलं. नंबर आला नाही, पण सहा सेकंद कमी झाले.

मोंढा_एक्सप्रेस

ताई, जिप्सी एमएच २० ची का, संभाजीनगरची?

गोदाकाठची

एमएच २६. नांदेडची. का?

मोंढा_एक्सप्रेस

काही नाही. एमएच २० वाले हॉर्न वाजवत ओव्हरटेक करतात आणि पुढं जाऊन चहाला थांबतात, म्हणून विचारलं.

सिडको_एन_सात

लातूरचे एमएच २४ वाले थांबतच नाहीत, त्यांना ट्यूशनला उशीर होत असतो.

वकीलसाहेब_अंबड

मंडळी, मजा चाललीय चांगली, पण दोन गोष्टी ध्यानात असू द्या. सार्वजनिक जागेत परवानगीशिवाय शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. खासगी माळ असला तरी आख्खं गाव बघायला आलं की तो 'सार्वजनिक' होऊ शकतो, त्यामुळं दोन-चार घरच्या माणसांपुरतंच ठेवा. दुसरं, कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल. कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. एखादा पाटा मागंपुढं ठीक, पण चेसी कापणे, इंजिन बदलणे हे धंदे करू नका. पिवळ्या पाटीची गाडी, त्यात आठ वर्षांच्या वरची, म्हणजे दरवर्षी फिटनेसला न्यावी लागते.

आणि विम्याची पॉलिसी वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. माझ्याच एका पक्षकाराचा दावा त्या एका ओळीवर गेला.

कोरडवाहू

सगळ्यांचे आभार. एवढं कुणी घरात समजावून सांगितलं नव्हतं. पंपाचा विचार सोडला.

काल जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. पूर्ण गाडी १६९० किलो. मग काटेवाल्याला चहा पाजून फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, १०१०. म्हणजे मागं ६८०. साठ टक्के वजन नाकावर. काटेवाला विचारायलाय, 'रिकामी गाडी मोजून काय करतो बा, कापूस कुठंय?'

दोन प्रश्न. डिफरन्शियल वेल्ड करावं का? परभणीतला एक जण म्हणतो हजार रुपयांत करून देतो, दोन्ही चाकं एकदम ओढतील. आणि मागच्या टायरमध्ये हवा किती ठेवू? अण्णा साठ मारतात.

पाटेवाला_जालना

वेल्ड केलं की मोंढ्यात प्रत्येक वळणावर टायर घासणार आणि एक दिवस हाफ शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, मोडणार. तेही माल भरलेला असताना. नको.

गोदाकाठची

वेल्ड अजिबात नको. आतलं चाक मोकळं फिरतं तेव्हा ॲक्सिलरेटर कमी करायला शिका, फुकट आहे.

साठ पाउंड हवा टनभर मालासाठी. मुरमावर रिकाम्या गाडीला मागं २८-३०, पुढं ३२ पासून सुरुवात करा. शाळेतला खडू घ्या, टायरच्या कडेवर नक्षी जिथं संपते तिथून बाजूच्या भिंतीवर उतरती रेघ ओढा. एक फेरी मारा. रेघ भिंतीवरून पार पुसली गेली तर हवा कमी आहे, टायर दुमडतोय. नक्षीच्या कडेलाही पोचली नाही तर हवा जास्त आहे. दोन-दोन पाउंडांनी बदलत जा आणि वहीत लिहा. घरी जाताना परत भरायला विसरू नका, कमी हवेवर डांबरावर पळवाल तर टायर तापून फाटेल.

रुंद टायर घेऊ नका. मुरमावर अरुंद टायर खोल खातो आणि पकडतो. त्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि नीट बसणारा पट्टा घ्या.

मिशिगनचा_नांदेडकर

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलीत, ते बघा. दोन्ही बाजूंना मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून मोजा. मी पहिल्यांदा वडिलांच्या जीपवर हेच केलं होतं, दोरी आईची कपडे वाळत घालायची. नंतर तिनं विचारलं, ग्रीस कुठून आलं.

आठवडी_बाजार

पाऊस आला तर काय? मुरूम ठीक आहे, पण माळाच्या वाटेवर काळी रेगड असणारच.

कोरडवाहू

आहे की. पाचशे फूट. पाऊस पडला की तिथं बैलगाडीसुद्धा रुतते, टायरला चिखलाचा लाडू होतो. म्हणून वैशाखातच उरकायचंय.

सिडको_एन_सात

जाण्याआधी: बॅटरी हलत नाही ना, ॲक्सिलरेटर पाय काढल्यावर झटकन परत येतो ना, चाकांचे नट, ब्रेक ऑइलची पातळी. आणि डिझेल गाडी आहे, चावीनं बंद झाली नाही तर ओढून बंद करायची तार हाताशी आहे ना, बघा.

*(तेवीस दिवसांनी)*

कोरडवाहू

मंडळी, झाला एकदाचा.

ट्रॅक अंदाजे सहाशे मीटर, नऊ वळणं, शंकूंच्या जागी खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ठेवल्या. सहा गाड्या. प्रत्येकी पाच फेऱ्या. बघ्यांना वकीलसाहेबांच्या भीतीनं बोलावलंच नाही, तरी तिघं आले. त्यांना बांधावर दोरीमागं बसवलं.

खर्च सांगतो. टाय रॉडचे दोन एंड, एका बाजूचं बेअरिंग, मागचे सगळे बुश, नवे शॉकअप मागं दोन, स्टिअरिंग बॉक्सचं ॲडजस्टमेंट. सगळं मिळून साडेपंधरा हजार. हेल्मेट वेगळं. मागून दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला, प्लेट टाकली, यू-बोल्ट दोनदा आवळले.

आता कबुली. ती ब्रेकची काडी ॲडजस्ट करायचं राहिलं. मिस्त्री म्हणाला, 'एका पाट्यानं काय होतंय.' पहिल्या फेरीत चौथ्या वळणाआधी ब्रेक दाबला आणि पुढं बघत होतो तर समोर मेव्हणा दिसायला लागला. मेव्हणा मागं उभा होता. गाडी पूर्ण उलटी फिरून थांबली. धूळ खाली बसेपर्यंत कुणी काहीच बोललं नाही. सिडको साहेब, तुमचं वाक्य न वाक्य आठवलं. तिथंच गाडीखाली झोपून काडी ॲडजस्ट केली. मग मात्र गाडी सरळ थांबायला लागली.

पहिली नीट फेरी १ मिनिट ३१ सेकंद. हवा ६० होती, बदलायला विसरलो होतो. हवा ३० केल्यावर १:२६. खडूची रेघ बघत २८ वर आणली. मग ताईंनी सांगितलं तसं गाडी सोडून पायी दोन चकरा मारल्या. सातव्या वळणात मी खूप आत जात होतो हे चालताना कळलं. शेवटची फेरी १:२२. सगळं दुसऱ्याच गिअरमध्ये, तिसरा टाकावाच लागला नाही.

नंबर चौथा. पहिला आला एका शाळामास्तरचा मारुती आठशे, १:१६. मास्तर वीस वर्षं त्याच गाडीनं त्याच माळावरून शाळेत जातात.

मोंढा_एक्सप्रेस

रेड्याचा चौथा नंबर म्हणजे जत्रेत नारळ मिळाला असता. शब्द मागं घेतो.

गोदाकाठची

नऊ सेकंद! त्यातले पाच हवेचे आणि चार पायांचे. इंजिनाचा एकही नाही. छान. पुढच्या वेळी वळणाआधी ब्रेक पूर्ण सोडून मग स्टिअरिंग फिरवा.

मिशिगनचा_नांदेडकर

मास्तरांना इकडं पाठवा.

वकीलसाहेब_अंबड

तिघं कोण होते ते लिहू नका.

पाटेवाला_जालना

फोटो टाका गाडीचा. आणि काढलेले पाटे बांधून ठेवलेत ना?

कोरडवाहू

काका, त्याचसाठी आलोय परत.

अण्णा म्हणाले, सोमवारपासून शेणखत टाकायचंय, गाडी आण. पिवळा रंग उन्हानं अजून उडाला की काय एवढंच विचारलं, बाकी काही कळलेलं नाही. भरलेल्या शेणखताला एक पाटा कमी म्हणजे मागून बसणार, म्हणून रात्री गुपचूप पाटे परत टाकायला गेलो. माळ्यावर सुतळी आहे. पाटे नाहीत.

आईला विचारलं. परवा गाडी-लोहारांचं पाल गावात उतरलं होतं. आईनं दोन कोयते आणि एक विळा करून घेतलाय. विळा लई धारदार झालाय म्हणते.

पाटेवाले काका, जालन्यात २०७ च्या मधल्या पाट्याची जोडी सोमवारच्या आत मिळेल का? जुनी चालेल.

पाटेवाला_जालना

उद्या सकाळी दहाला दुकान उघडतो. मापाला सेंटर बोल्ट घेऊन या. आणि येताना एक कोयता आणा, माझ्या घरचा बोथट झालाय.